लोकांनी आवाज उठवला की कारखान्याचं प्रदूषण खरंच कमी होतं का?

तुमचं गाव रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीला लागून आहे. रात्री वास येतो, खाडीतली मासळी घटली आहे. तुम्ही मोर्चा काढलात, व्हिडिओ टाकलेत, प्रदूषण मंडळाला निवेदन दिलंत. दोन-तीन आठवडे बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. म्हणून तुम्ही विचारता आहात की लोकांच्या ओरडण्याने कारखाने खरोखर प्रदूषण कमी करतात, की तेवढ्यापुरतं दाखवतात?

आधी मी कोणत्या बाजूने बोलतोय ते सांगतो. माझी बहुतेक नोकरी कोकणपट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या पर्यावरण विभागात गेली. ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) चालवणं, मंडळाच्या तपासणीला उभं राहणं, संमतीपत्राचं (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीचं) नूतनीकरण करून घेणं हे माझं काम होतं. आजही सल्ल्याची फी मला कारखानेच देतात. त्यामुळे कुंपणाच्या आत काय चालतं हे मी सांगू शकतो. कुंपणाबाहेरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी घडतात, आणि त्या एकाच कारखान्यात एकाच वेळी घडतात. लोकांच्या दबावाने कारखाना बदलतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लोकांना जे दिसतं आणि ज्याचा वास येतो, ते तो आधी सुधारतो. जे दिसत नाही ते बरेचदा तसंच राहतं, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या दारात जातं.

तळोज्याचंच घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या निळ्या झालेल्या कुत्र्यांचे फोटो देशभर फिरले. काही दिवसांतच मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. पण कासाडी नदीच्या पाण्याबद्दल तिथले मच्छीमार त्याच्या कितीतरी आधीपासून तक्रार करत होते. नदीतला ऑक्सिजन संपतो तेव्हा त्याचा फोटो निघत नाही. डोंबिवलीतही तेच दिसलं. जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला तेव्हा बातमी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणीला आले. हिरव्या-गुलाबी रंगाने जे काम काही दिवसांत झालं, ते बिनरंगी सांडपाण्याबद्दलच्या अर्जांनी वर्षानुवर्षं होत नाही.

याचा कारखान्याच्या आत काय अर्थ होतो? रंग काढणं हे सांडपाण्यातलं बहुधा सर्वांत स्वस्त काम आहे. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, टाकलं की बहुतेक रंग उडतो. सीओडी (सांडपाण्यातली घाण किती हे सांगणारा आकडा) मात्र फारसा उतरत नाही, उलट क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं तयार होण्याचा धोका वाढतो आणि ती माशांना जास्त घातक ठरू शकतात. फेस दिसतो म्हणून ओरड झाली तर अँटिफोम टाकतात. वासाची ओरड झाली तर कुंपणावर सुगंधी फवारा बसवतात. हे सगळं मी होताना पाहिलेलं आहे, आणि यातल्या एकाही उपायाने खाडीत जाणारा भार कमी होत नाही. तुमच्या मोर्च्यानंतरचे ते दोन-तीन आठवडे नेमके कशामुळे बरे गेले, हे म्हणून तपासायला हवं. उत्पादन कमी केलं होतं, माल दुसऱ्या प्लांटला वळवला होता, की बंद पडलेला स्क्रबर (बाहेर जाणारा वायू धुऊन काढणारं यंत्र) खरंच दुरुस्त केला होता? तुम्हाला तिन्ही सारखेच वाटतील, पण टिकेल ते फक्त तिसरं.

इथे वासाबद्दल थोडं. रात्री वास येतो म्हणजे रात्रीच वायू सोडतात, असं दरवेळी नसतं. हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार हवेत मिसळत नाही. दिवसा जे वाऱ्यावर निघून जातं ते रात्री गावात साचतं. पण रात्रपाळीत देखरेख कमी असते, वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवतात, स्क्रबरचा कॉस्टिक डोझिंग पंप कुणी बघत नाही, हेही तितकंच खरं आहे. फरक ओळखायचा असेल तर वास कशासारखा आहे ते लिहा. सडक्या अंड्यांसारखा असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड, आणि तो नाल्यात कुजलेल्या सांडपाण्यातूनही येतो. सडक्या कोबीसारखा असेल तर मरकॅप्टनकडे बघावं लागतं, खराब मासळीसारखा असेल तर अमाइनकडे, नेलपॉलिशसारखा असेल तर सॉल्व्हंटकडे. कोणत्या कारखान्यात काय बनतं हे माहीत असेल तर एवढ्यावरून यादी बरीच छोटी होते.

आता मूळ मुद्दा. गावाची चिंता कारखान्याच्या निर्णयापर्यंत पोचते कशी? मॅनेजमेंटच्या बैठकीत पर्यावरण विभागाचा माणूस नवा इव्हॅपोरेटर (सांडपाणी आटवणारं यंत्र) किंवा दुसरा स्क्रबर मागतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न येतो, "नाही घेतला तर काय होईल?" त्याच्याकडे ठोस उत्तर असेल तर पैसे मिळतात. "गावात नाराजी आहे" हे ठोस उत्तर नाही. "मंडळाकडे या सहा महिन्यांत एवढ्या तारखांच्या लेखी तक्रारी आहेत, तीनदा नमुना नापास झालाय, पुढची नोटीस बंदची असेल" हे उत्तर आहे. गावातल्या तक्रारींच्या नोंदीमुळे आतल्या माझ्यासारख्या माणसाला बळ मिळतं. ज्या सुधारणा टिकल्या, त्यांच्यामागे असे कागद होते.

दंडाचा हिशोबही समजून घ्या, कारण तो तुमच्या उपयोगाचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात पर्यावरण नुकसानभरपाई पाच गोष्टींच्या गुणाकारातून निघते: कारखान्याचा प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, कारखान्याचा आकार आणि ठिकाण. लाल वर्गातल्या, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी गणल्या जाणाऱ्या, मोठ्या कारखान्याला, दहा लाखांहून कमी वस्तीच्या भागात, निर्देशांक ८०, गुणक २५०, आकाराचे १.५ आणि ठिकाणाचा १ धरला तर दिवसाला ३०,००० रुपये होतात. लहान कारखान्याला आकाराचे ०.५ धरतात, म्हणजे १०,०००. मोठ्या कारखान्याला दिवसाला तीस हजार जड नाहीत. ईटीपी नीट चालवण्याचा रोजचा खर्च अनेकदा त्याहून जास्त असतो. सगळी मेख दिवसांच्या आकड्यात आहे. उल्लंघन दहा दिवसांचं ठरलं तर तीन लाख, दोनशे दिवसांचं ठरलं तर साठ लाख. आणि दिवस ठरतात ते कागदावरून. मंडळाचा क्षेत्र अधिकारी रोज तुमच्या नाल्यावर येऊ शकत नाही. तारखेनिशी, वेळेनिशी केलेल्या तक्रारींची पोच असेल तर उल्लंघन एका दिवसापुरतं होतं, असं म्हणणं कारखान्याला कठीण जातं.

या सूत्रामागेही लोकांचाच रेटा होता. गुजरातच्या पर्यावरण सुरक्षा समितीने लावून धरलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल दिला. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने) पाठपुरावा केला आणि त्यातून केंद्रीय मंडळाने हा हिशोब ठरवला.

दंडापेक्षा कारखान्याला भीती वाटते ती बंदच्या आदेशाची. पाणी कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. बॅच प्रोसेसमध्ये रिअॅक्टर मध्येच थांबला तर माल वाया जातो, आणि ग्राहकाला वेळेवर पुरवठा झाला नाही तर तो दुसरीकडे जातो. हे नुकसान दंडाच्या कितीतरी पट असतं. म्हणून नोटीस आल्यावर जी कामं आठवड्यात होतात, ती वर्षभर "पुढच्या बजेटमध्ये बघू" म्हणून पडून असतात.

यावर झालेल्या संशोधनातल्या दोन गोष्टी माझ्या अनुभवाशी जुळतात. चीनमध्ये काही अर्थतज्ज्ञांनी प्रदूषणाच्या तक्रारी दोन प्रकारे करून पाहिल्या, काही अधिकाऱ्यांकडे खासगीत आणि काही वेइबो या तिथल्या सोशल मीडियावर सगळ्यांना दिसतील अशा. उघड केलेल्या तक्रारींनी उल्लंघनं बरीच जास्त घटली. दुसरा प्रयोग गुजरातमधला. तिथे कारखान्यांच्या तपासण्या वाढवून पाहिल्या, प्रदूषणावर फारसा फरक पडला नाही. पण ऑडिटरला कारखान्याने स्वतः निवडून पैसे देण्याऐवजी एका सामायिक निधीतून पैसे दिले, कोणी कुठे जायचं हे चिठ्ठ्यांसारखं ठरवलं आणि काही अहवालांची फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. मोर्च्यांमध्ये "तपासण्या वाढवा" ही मागणी हमखास असते. माझ्या मते ती कमजोर मागणी आहे. नमुना कोण घेतो, प्रयोगशाळा कोण ठरवतो आणि तिचं बिल कोण भरतो, यावर मागणी करा.

आपल्याकडेही माहिती उघड करण्याचा प्रयत्न झालेला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना आणली. चांगली सुरुवात होती. पण हे तारे चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांवर ठरतात. तुमच्या खाडीच्या पाण्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत, त्यामुळे एखाद्या कारखान्याने पाच ताऱ्यांचं प्रमाणपत्र पुढे केलं तर ते कशाचं आहे हे विचारा.

कारखाने कोणते आहेत, यावरही बरंच काही अवलंबून आहे. शेअर बाजारात नोंद असलेल्या, निर्यात करणाऱ्या कंपनीला गावापेक्षा ग्राहकाची भीती जास्त असते. २०११ मध्ये ग्रीनपीसने कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा त्याच वर्षी त्या ब्रँडनी घातक रसायनं टाळण्यासाठी एकत्र येऊन झेडडीएचसी हा उपक्रम सुरू केला. त्याची झळ आपल्याकडच्या रंग बनवणाऱ्या आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांपर्यंत आली. औषध आणि रसायन क्षेत्रातले परदेशी ग्राहकही आता स्वतःचे ऑडिटर पाठवतात. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणासह जबाबदारीचा वार्षिक अहवाल २०२२-२३ पासून सक्तीचा केला आहे. अशा कंपनीला तुमच्या तक्रारीची प्रत तिच्या मुख्य कार्यालयात, कंपनी सेक्रेटरीच्या नावाने गेली तर प्लांटवर त्याची दखल घेतली जाते, हे मी आतून पाहिलेलं आहे.

लहान कारखान्याला यातलं काहीच लागू नाही. त्याचा माल मुंबईतल्या व्यापाऱ्याकडे जातो, त्याचं सांडपाणी सीईटीपीकडे (अनेक कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे) जातं आणि नाव कुणाला ठाऊक नसतं. सीईटीपीमध्ये मिसळल्यावर घाण कोणाची हे बाहेरून सांगता येत नाही, पण आतल्यांना बहुतेकदा ठाऊक असतं. सीईटीपीकडे येणाऱ्या पाण्याचा आम्ल-अल्कपणा रात्री दोन वाजता अचानक बदलला तर कोणत्या लाइनवरून आला ते ऑपरेटर सांगतो. तिथे दबाव एकेका कारखान्यावर टाकण्यापेक्षा असोसिएशनवर टाकलेला बरा. जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ४३ अतिप्रदूषित औद्योगिक भागांत नव्या आणि विस्ताराच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या. त्यात डोंबिवली, तारापूर, चंद्रपूर होते. स्वतःचं सांडपाणी नीट ठेवणाऱ्या कंपन्यांचेही विस्तार अडकले, आणि शेजारी काय सोडतो यात त्यांना पहिल्यांदा रस वाटू लागला. सरसकट बंदी अन्यायाचीच होती, पण तिच्यामुळे कारखान्यांच्या आपसातल्या बैठकांमधली भाषा बदलली.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. दबाव वाढला आणि विल्हेवाटीची व्यवस्था वाढली नाही, की घाण टँकरमध्ये बसून गाव बदलते. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू तयार झाला आणि सहा कामगार मेले. ते रसायन तळोज्यातून आलेलं होतं. तुमच्या नाल्यातला रंग गेला म्हणजे तो कुठे गेला, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा. घातक कचरा बाहेर जाताना मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याची नोंद) भरावं लागतं, त्याच्या प्रती मंडळाकडे असतात. माहिती अधिकारात त्या मागा. उत्पादन वाढतंय आणि तळोज्याच्या किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राकडे जाणारा स्लज (गाळ) कमी होतोय असं दिसलं, तर ती तुमच्या मोर्च्याच्या फोटोपेक्षा मोठी बातमी आहे.

गावातल्याही एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण त्यावाचून उत्तर अर्धवट राहील. लेबर कॉन्ट्रॅक्ट, भंगाराचा ठेका, पाण्याचे टँकर, कँटीन, गाड्या यावर गावातली बरीच घरं चालतात. त्यात वाईट काही नाही. जमिनी गेलेल्या लोकांनी काम मागितलं तर तो त्यांचा हक्क आहे. पण आंदोलन तापलं की कारखान्याकडून पहिला प्रस्ताव ठेक्याचा येतो, दुसरा मंदिराच्या सभामंडपाचा किंवा शाळेच्या खोलीचा. माझ्या पाहण्यातली कितीतरी आंदोलनं तिथे थांबली आणि स्क्रबरचा विषय तसाच राहिला. जी टिकली त्यांनी रोजगाराच्या मागण्या आणि प्रदूषणाच्या मागण्या वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या माणसांच्या सह्यांनी दिल्या होत्या. एकीवर तडजोड झाली तरी दुसरी उभी राहिली. खाडीवर पोट असलेले कोळी या कामात पुढे असले तर आंदोलन सहसा मोडत नाही, कारण मासळी गेल्याची भरपाई ठेक्याने होत नाही.

तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. गावात चार-पाच घरं अशी ठरवेन जी वेगवेगळ्या दिशांना आहेत. तिथे एका वहीत तारीख, वेळ, वासाचा प्रकार, वारा कुठून होता आणि किती वेळ टिकला एवढंच लिहायचं. वास नव्हता त्या दिवशीही "नाही" लिहायचं. अशी वही अधिकारी गांभीर्याने घेतात. त्याच दिवशी उपप्रादेशिक कार्यालयाला ईमेल करायचा, म्हणजे पोच आपोआप राहते. मग मंडळाच्या संकेतस्थळावरून त्या कारखान्यांची संमतीपत्रं काढायची. कोणतं उत्पादन किती करायचं, किती सांडपाणी सोडायचं, सीओडी किती असावा (बहुतेक ठिकाणी लिटरला २५० मिलिग्रॅम), चिमणीला कोणतं यंत्र हवं, सगळं त्यात असतं. वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र कारखान्याने ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं असतं, तेही मागता येतं. संमतीपेक्षा जास्त उत्पादन दाखवलं असेल तर ईटीपी पुरत असण्याची शक्यता कमी, आणि हे तुम्ही कारखान्यात पाऊल न टाकता सिद्ध करता. गेटवर घातक रसायनांची आणि कचऱ्याची माहिती देणारा फलक असायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलेलं आहे. त्यावरचे आकडे कधीचे आहेत ते पाहा.

नाल्यातून बाटलीत भरलेलं पाणी कायद्याच्या दृष्टीने पुरावा धरला जात नाही. पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना अधिकाऱ्याने, कारखान्याला कळवून, सीलबंद घ्यावा लागतो. तरीही बाटली भरा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. तो अहवाल "अधिकृत नमुना घ्या" या मागणीला जोडला की ती टाळणं अवघड होतं. रंग नसलेल्या पाण्याची बाटली आधी भरा.

जनसुनावणीवर फार भिस्त ठेवू नका. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींमधल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे, त्यामुळे एमआयडीसीतला विस्तार तुम्हाला कळण्याआधी मंजूर झालेला असू शकतो. त्याऐवजी पर्यावरण मंजुरी मिळालेल्या कारखान्यांचे सहामाही अनुपालन अहवाल पाहत राहा. ते १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात.

आणि हरित लवादाचा विचार असेल तर मुदत सांभाळा. हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, फार तर आणखी साठ दिवस मिळतात. नुकसानभरपाईसाठी कलम १५ मध्ये पाच वर्षं आहेत, म्हणून मासळीच्या नुकसानीचा हिशोब, लिलावाच्या पावत्या, डिझेलची बिलं मच्छीमार सोसायटीकडून आत्ताच गोळा करायला लागा. पुण्यातल्या खंडपीठासमोर वकिलाला पहिल्यांदा लागतील ते हेच कागद.